खरखर किती, हवा किती

जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा आवाज त्याने लावला आणि पहिलंच वाक्य संपता संपता त्याचा पेन्सिल धरलेला हात कागदावर थबकला. आवाज पुरुषाचा होता, साठीच्या पुढचा आणि पार कामातून गेलेला. फरशीवरून पत्र्याची पेटी ओढत न्यावी तसा. तेवढ्याने थबकायचं काही कारण नव्हतं. असले आवाज ऐकण्याचाच तो पगार घेत होता. पण वाक्याच्या शेवटी, जिथे सगळ्या जगाचा आवाज खाली उतरतो, तिथे या माणसाने शेवटचा शब्द वर फेकला. वर फेकला आणि जरासा थांबला, समोरच्या गर्दीतून कुणी आणखी चढी बोली लावतंय का ते बघावं तसा. कुणी लावली नाही. मग त्याने पुढचं वाक्य उचललं आणि तेही तसंच वर फेकलं. बागेतल्या झाडांना पाणी घालण्याबद्दलचा साधा उतारा होता तो. त्यात विकायला काहीही नव्हतं. असं वाचणारा एकच माणूस त्याला ठाऊक होता. तो त्याचा थोरला भाऊ.

त्याने आवाज बंद केला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. भिंतींना राखाडी स्पंज, छताला राखाडी स्पंज, दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यावी इतकी शांतता. नव्या लोकांना या खोलीत दहा मिनिटांत कसंतरी व्हायला लागायचं. त्याला कधीच झालं नव्हतं. कान-नाक-घसा विभागातले सगळे त्याला कानसाहेब म्हणायचे, काही कौतुकाने, काही पाठीमागे आणि वेगळ्या सुरात. तो डॉक्टर नव्हता. आवाजाची पारख करणं हे त्याचं शिक्षण आणि तेच त्याचं काम. घशाच्या गाठीवर किरणांचा उपचार केला तर माणसाचा आवाज जास्त चांगला राहतो की लेसरने गाठ काढली तर, असा मोठा अभ्यास चालू होता. गावोगावच्या रुग्णालयांत रुग्णांचे आवाज रेकॉर्ड व्हायचे, उपचाराआधी एकदा आणि नंतर काही काही महिन्यांनी. सगळे एकच उतारा वाचायचे. त्यांतले काही आवाज याच्याकडे यायचे, नाव नाही, गाव नाही, आधीचा की नंतरचा तेही नाही, नुसता एक आकडा. याने ऐकायचं आणि गुण द्यायचे. खरखर किती, हवा किती निसटते, ताण किती. शून्य म्हणजे निर्दोष, तीन म्हणजे फार वाईट. माहीत असलं की कान पक्षपात करतो, म्हणून काहीच माहीत असू द्यायचं नाही, हा त्या कामाचा धर्म होता आणि तो याने इतका पाळला होता की विभागात त्याची उदाहरणं देत.

त्याच धर्मातला दुसरा नियम असा की आवाज ओळखीचा वाटला तर ताबडतोब कळवायचं. मग तो आवाज आणि त्या माणसाचे पुढचे सगळे आवाज दुसऱ्याकडे जातात. नियम सोपा होता. आजवर त्याची वेळ आली नव्हती, कारण याच्या ओळखीची माणसं तशी फार नव्हती. तो उठून दारापर्यंत गेला. आकडेवाली बाहेरच बसायची, काचेपलीकडे. सगळ्या आवाजांचा हिशेब तिच्याकडे. दार उघडून नुसतं म्हणायचं होतं, हा माझ्या भावाचा आहे. आणि मग तो आवाज त्याच्याकडे पुन्हा कधी आला नसता. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत येऊन हेडफोन चढवले. उतारा शेवटपर्यंत ऐकला. खरखर तीन. हवा तीन. ताण तीन. बायको एकदा म्हणाली होती तसं, त्याच्या हातून दया म्हणून अर्धा गुणही सुटायचा नाही.

दादा लिलाव पुकारायचा. भाजीच्या घाऊक बाजारात, एका अडत्याकडे, पहाटेपासून. कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीवर उभा राहिला की त्या अख्ख्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज शिल्लक राहत नसे. वडील लवकर गेले आणि घराचा सगळा भार त्या घशावर आला. घरीही तो तसाच बोलायचा. मीठ मागायचा तर शेजारची बाई मीठ घेऊन यायची, अशी घरातली थट्टा होती. आणि याला, धाकट्याला, त्याची लाज वाटायची. एकदा बाजाराच्या गर्दीत हा हरवला. खरं तर हरवला नव्हता, बटाट्याच्या गोण्यांच्या मागे बसून राहिला होता. तेव्हा दादा थप्पीवर चढला आणि ओरडला, "एक मुलगा! निळा सदरा! दात पुढे! बोला, कुणाकडे आहे, बोला!" सगळा बाजार हसला. कुणीतरी एक रुपया म्हणालं. दादाने तोही पुकारला, "एक रुपया एक वार!" याला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. पण इतक्या माणसांसमोर बाहेर कसं यायचं म्हणून तो तसाच बसला, आणि दादा ओरडत राहिला, आणि हळूहळू त्या ओरडण्यातली थट्टा निघून गेली. शेवटी नुसतं "छोट्या, छोट्या" एवढंच उरलं. तेव्हाच बहुधा त्याच्या कानाला ती सवय लागली असावी, माणूस काय म्हणतोय ते बाजूला ठेवून कसं म्हणतोय ते ऐकायची.

भावाभावांत काही झालं होतं का? काहीच झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण निदान मिटवता तरी येतं. दर रविवारी फोन यायचा, तो महिन्याने यायला लागला, मग सणासुदीला, मग कुणी गेलं-आलं तर. दादा फोनवर भाव सांगायचा, पाऊस सांगायचा, वहिनीचे गुडघे सांगायचा आणि हा हं, हं म्हणायचा. याच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. आज सतरा आवाज ऐकले, त्यातले चार बरे होते, हे का भावाला सांगायचं? मग एकदा दादाने विचारलं, "तू आहेस ना रे फोनवर?" हा म्हणाला, "आहे की." दादा म्हणाला, "बरं. मग ठेवतो." त्यानंतर फोन आला नाही. हा म्हणत राहिला की आता आपण करू. आणि माणूस एकदा करू म्हणायला लागला की वर्षं कशी जातात ते कळत नाही.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याला प्रथमच आपलं घर फार शांत वाटलं. नळ गळत नव्हता. फ्रिज घुरघुरत नव्हता. बिघडलेला होता आणि एकट्याला काय लागतो म्हणून दुरुस्त केला नव्हता. बायको होती तेव्हा ती बोलायची. सकाळी उठल्यापासून बोलायची आणि हा चहा पिता पिता तिच्या आवाजातला ताण मोजायचा. सर्दी झालीय तुला, असं मध्येच म्हणायचा. ती म्हणायची, "मी काय म्हणते ते ऐक ना. कसं म्हणते ते नको." शेवटी, निघायच्या आधी, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलली होती. त्यातला एक शब्दही आता त्याला आठवत नव्हता. आवाज मात्र आठवत होता. अगदी निर्मळ होता, सगळीकडे शून्य. ती कुठे आहे, बरी आहे, हे त्याला ठाऊक होतं. वर्षातून एकदा दोघं एकमेकांना बरं आहे ना असं विचारत. त्याने पातेल्यात भात गरम केला आणि उभ्या उभ्या खाल्ला. दादाला गाठ झाली होती. घशाची. आणि घशाच्या विभागात आयुष्य काढलेल्या सख्ख्या भावाला त्याने कळवलं नव्हतं. हे त्याला लागलं, फार लागलं. मग त्याला वाटलं, कळवलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? हं, हं.

फोन करायचा हे त्याच रात्री ठरलं होतं. पण फोन करून सांगणार काय? तुझा आवाज मी ऐकला. कुठे? ते सांगता येत नाही. मला ऐकायची परवानगी नव्हती. आणि मग फोनवर ओळख पटली की कळवणं आलंच, आणि कळवलं की तो आवाज गेला. हे सगळे विचार वाटायला नियमाला धरून होते. पण आतली गोष्ट वेगळी होती आणि ती त्यालाही कळत होती. त्याला दादाला भेटायचं नव्हतं, दादाचा आवाज ऐकायचा होता. हेडफोनमध्ये, स्पंजच्या खोलीत, दादा याला काही विचारत नव्हता. तू आहेस ना रे, असं म्हणत नव्हता. नुसता बोलत होता आणि याने नुसतं ऐकायचं होतं, आणि तेवढंच याला आयुष्यभर जमत आलं होतं.

पुढचे काही आठवडे तो कामावर वेळेआधी यायला लागला. आकडेवालीच्या ते लक्षात आलं. ती तरुण होती, पोरगेलीच म्हणायची, आणि बडबडी. विभागात कानसाहेबांची थट्टा तोंडावर करण्याची हिंमत तिच्यातच होती. "काय कानसाहेब, घरी कुणी हाकलून देतं का सकाळी?" तो म्हणाला, "घरी कुणी नाही." ती जराशी ओशाळली आणि तिने त्याला चहा आणून दिला. आवाजांचा नवा गठ्ठा आला की तो एकेक लावायचा आणि पहिल्या शब्दाआधीच्या त्या रिकाम्या क्षणात हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरायचा. बायांचे आवाज आले, म्हातारे आले, एक शाळामास्तर असावा असा आला, शब्द तोडून तोडून वाचणारा. पूर्वी तो त्यांना नुसते गुण द्यायचा. आता त्याला प्रत्येकामागे एक घर दिसायला लागलं. हा आवाज कुणाला हाक मारत असेल, कुणावर खेकसत असेल, कुणाला अजून ओळखीचा वाटत असेल का. हे दिसणं बरं नव्हतं. त्याने गुण बदलले नसते, पण प्रत्येक आवाजाला जास्त वेळ लागू लागला आणि संध्याकाळी डोकं दुखू लागलं.

आणि मग एका दुपारी दादा पुन्हा आला. आकडा वेगळा होता; आकडे दर वेळी वेगळेच असत, म्हणजे आधीची आठवण येऊ नये. पहिला शब्द वर गेला आणि त्याने डोळे मिटून घेतले. खरखर होती, पण मागच्यापेक्षा कमी. नक्की कमी. त्याने पुन्हा ऐकला, दोनदा ऐकण्याची मुभा होती. मागच्या वेळी वाक्याच्या मध्ये आवाज फाटायचा, तिथे आता तो फाटता फाटता सावरत होता. पेटी अजून फरशीवरून ओढली जात होती, पण खाली कुणीतरी पोतं घातलं होतं. खरखर दोन. हवा दोन. ताण दोन. लिहिता लिहिता त्याला हसू आलं. उपचार लागू पडत होता. किरण असोत नाहीतर लेसर, लागू पडत होता. त्या दिवशी त्याने आकडेवालीला आपण होऊन विचारलं, चहा घेणार का. तिने खुर्चीतून पडल्यासारखं केलं. दोघांनी चहा घेतला. ती तिच्या भावाबद्दल बोलत होती, तो मेला तिचे चार्जर कसे पळवतो वगैरे. यानेही मध्येच म्हटलं, "मलाही एक भाऊ आहे. थोरला. बाजारात असतो." ती म्हणाली, "अय्या, तुम्हाला भाऊ आहे? तुम्ही कधी बोलला नाहीत." तो म्हणाला, "बोलण्यासारखं काही नव्हतं." पण बोलला, गोण्यांवर उभं राहून लिलाव कसा पुकारतात, बोटांच्या खुणा कशा असतात ते त्याने तिला दाखवलं. घरी जाताना त्याच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत आपण कुणाशी इतकं बोललो नव्हतो.

आता फोन करायला हरकत नव्हती. पण आता घाईही नव्हती. दादा बरा होत होता. पूर्ण बरा होऊ दे, मग करू. मग बोलायला तोही मोकळा आणि आपणही. दुखण्यात विचारपूस करायला गेलो तर त्याला वाटेल, दुखणं कळलं म्हणून आला, नाहीतर आला नसता. त्यापेक्षा सहज फोन करावा एखाद्या रविवारी. काय दादा, कांदा काय भाव चाललाय? हे वाक्य त्याने अंघोळ करताना म्हणून पाहिलं. पहिल्यांदा फार पातळ निघालं. दुसऱ्यांदा बरं. काय दादा. त्याच्या स्वतःच्या आवाजाला कुणी गुण दिले नव्हते. दिले असते तर खरखर शून्य, ताण शून्य, हवा दोन, असं त्याने मनाशी ठरवलं; बोलताना अर्धी हवा वायाच जायची. त्याने फ्रिज दुरुस्त करून घेतला. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. कुणी आलं तर असू दे, एवढंच.

तिसऱ्यांदा दादाचा आवाज आला तो जवळजवळ चांगलाच होता. खरखर एक. हवा एक. ताण, त्याने खूप विचार करून, एक. वाक्याचा शेवटचा शब्द आता असा वर जात होता की शेडच्या पत्र्याला लागून परत यावा. पार्श्वभूमीला कुठेतरी खुर्ची करकरली, लांब एक दार लागलं. तसलं काही ऐकायचं नाही, आवाजाखेरीज जे जे असेल ते कानाबाहेर ठेवायचं, ही त्याच्या कामाची शिस्त होती आणि ती त्याच्या अंगात इतकी मुरली होती की खुर्ची आणि दार त्याच्या कानांवर पडले आणि तिथेच विरले. उतारा संपला. तो खोलीत बराच वेळ बसून राहिला. त्या शांततेत प्रथमच त्याला एकटं वाटलं नाही. येत्या रविवारी, त्याने ठरवलं. येत्या रविवारी नक्की.

रविवारच्या आधी शुक्रवार आला आणि शुक्रवारी आकडेवालीने त्याला काचेपलीकडून खुणेने बोलावलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, पण फार काही गंभीरही नव्हतं. तपासून बघावं लागतं म्हणून बघितलं, असा तिचा सूर. "कानसाहेब, रागावू नका हं. तुमचे फेरतपासणीचे गुण जुळत नाहीयेत." फेरतपासणी म्हणजे काय ते त्यानेच तिला शिकवलं होतं. ऐकणाऱ्याचा कान जाग्यावर आहे ना हे बघायला तेच ते रेकॉर्डिंग नवा आकडा लावून मधूनमधून पुन्हा घालतात. ऐकणाऱ्याला ते सांगत नाहीत. एकाच आवाजाला त्याने दर वेळी तेच गुण द्यायला हवेत. इतकी वर्षं याचे गुण काट्यासारखे जुळत आले होते. "बाकी सगळे जुळतात," ती म्हणाली, "एकच नाही. एकच आवाज आपण तीनदा घातला होता. पहिल्यांदा तुम्ही दिले तीन-तीन-तीन. मग दोन-दोन-दोन. आणि परवा एक-एक-एक. असं कसं होईल? मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून फाईल पुन्हा काढून बघितली. तीच आहे. मागे खुर्चीसुद्धा त्याच ठिकाणी करकरते."

तो उभाच होता. टेबलाची कड त्याच्या हाताला लागली आणि त्याने ती धरली. करकरलेली खुर्ची त्याला आता ऐकू आली. तीनही वेळची. तीनही वेळचं ते लांबचं दार. आवाज फाटता फाटता सावरलाच नव्हता. तो जिथे फाटत होता तिथेच, त्याच शब्दावर, तसाच फाटत होता, आणि ज्याच्या कानाची विभागात उदाहरणं देत, त्यानेच तो बरा केला होता. महिनोन् महिने तो एका माणसाला बरा करत बसला होता, या राखाडी खोलीत, एकट्याने, हेडफोन लावून. त्याला हसावं की काय करावं कळेना. "बसा ना," आकडेवाली म्हणाली. "होतं असं. थकवा असेल." तो म्हणाला, "पहिलाच आहे का तो? उपचाराआधीचा?" ती म्हणाली, "ते मी कसं सांगू? मलाही नियम आहेत." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "या माणसाचं पुढचं काही आलंच नाही. बाकीच्यांचे नंतरचे आलेत, याचा नाही. अभ्यासातून बाहेर पडला असावा." अभ्यासातून बाहेर पडणं म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. एक तर माणूस उरलेला नसतो, नाहीतर रेकॉर्ड करायला आवाज उरलेला नसतो.

"माझा भाऊ आहे तो," तो म्हणाला.

तिला वाटलं तो काहीतरी वेगळंच बोलतोय. मग तिला कळलं. "बाजारात असतात ते? तुम्ही ओळखलंत? कधी?" "पहिल्यांदाच." "मग कळवलं का नाहीत? कानसाहेब, कळवायचं असतं ना!" "हो," तो म्हणाला. "कळवलं असतं तर पुन्हा ऐकायला मिळाला नसता." तिच्या पुढ्यातले कागद तिने उगाच सारखे केले. ती लहान होती, पण अशा वेळी सल्ला देऊ नये एवढी समज तिला होती. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "बाहेर व्हरांड्यात फोनला रेंज चांगली असते."

व्हरांड्यात रुग्ण बाकांवर बसले होते. नंबर पुकारला की एकेक जण आत जायचा. तो खिडकीशी उभा राहिला. दादाचा नंबर त्याच्या फोनमध्ये नुसता दादा म्हणून होता आणि त्याखाली शेवटच्या फोनची तारीख होती. ती त्याने वाचली नाही. घंटी वाजत राहिली. कुणी उचलू नये असं त्याला वाटलं आणि लगेच कुणीतरी उचलावं असं वाटलं, आणि मग वहिनीचा आवाज आला.

"भाऊजी?"

"वहिनी, दादा..."

"आहेत," ती म्हणाली. एवढं एकच तिने आधी सांगितलं, बाईला कळलं होतं त्याला आधी काय ऐकायचंय ते. मग तिने बाकीचं सांगितलं. किरणं घेतली होती. गाठ पुन्हा आली. मग घसाच काढावा लागला, म्हणजे आवाजाची पेटी. गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून श्वास घेतात. जेवण पातळ चालतं. चिडचिड होते. "बोलता येत नाही आता. येणारही नाही म्हणाले डॉक्टर, म्हणजे पूर्वीसारखं नाही."

"मला कळवलं नाहीत, वहिनी."

"मी म्हणत होते ना. त्यांनी करू दिलं नाही. म्हणाले, तो तिथे दिवसभर हेच ऐकतो, घरचंही हेच कुठे ऐकवायचं त्याला. थांबा. देते त्यांना."

"अहो, पण..." तो म्हणाला, पण तोवर फोन हातातून हातात गेला होता. पलीकडे काही घासलं गेलं. मग हवा. नुसती हवा, आत जाणारी, बाहेर येणारी, जरा ओलसर. सवयीने त्याच्या डोक्यात आकडे तयार झाले, खरखर शून्य, ताण शून्य, आणि त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्याने खिडकीच्या गजावर मूठ आपटली. बाकावरच्या एका बाईने वर पाहिलं. पलीकडे दादा होता. ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा दादा गप्प होता आणि बोलायची पाळी याची होती आणि याच्याकडे, कांद्याच्या भावाचं ते पाठ केलेलं वाक्य सोडलं तर, काहीही नव्हतं.

"दादा," तो म्हणाला. हवा आत गेली, बाहेर आली. "दादा, मी आहे." मग पुढे काय म्हणायचं ते सुचेना म्हणून त्याने जे होतं ते सांगितलं. की फ्रिज दुरुस्त केला. की ती गेल्यापासून घरात कुणी येत नाही. की इथे एक मुलगी आहे, पोरगेली, तिला त्याने लिलावाच्या खुणा शिकवल्या आणि तिच्या काही केल्या लक्षात राहत नाहीत. की त्याला दोनदा वाटलं दादा बरा होतोय. की त्याची चूक झाली, कामात चूक झाली, अशी आजवर कधी झाली नव्हती. तो बोलत गेला. मधूनच त्याचा आवाज चिरकत होता. व्हरांड्यात माणसं होती म्हणून तो खिडकीकडे तोंड करून, फोनपाशी हात धरून, हळूहळू, जवळजवळ कुजबुजत बोलत होता.

पलीकडे काहीतरी ठोकल्याचा आवाज आला, लाकडावर बोटं आपटावीत तसा. मग पुन्हा घासल्याचा. मग वहिनी आली.

"भाऊजी, पाटीवर लिहितायत ते काहीतरी. थांबा हं, वाचते. त्यांचं अक्षर म्हणजे..." ती थांबली. वाचताना तिचा आवाज सपाट झाला, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना होतो तसा. "म्हणतायत, एक अक्षर ऐकू येत नाहीये. बाजारात कान गेलेत माझे. मोठ्याने बोल."

त्याने व्हरांड्याकडे पाहिलं. बाकांवरची माणसं आपापल्या नंबराची वाट पाहत होती. काचेपलीकडून आकडेवाली बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती.

"दादा!" तो ओरडला. सगळा व्हरांडा वळला. त्याचे कान तापले, पण आवाज निघाला होता आणि आता तो आवरता येत नव्हता. "दादा, मी येतोय! आज निघतोय! ऐकू आलं का?"

वहिनी म्हणाली, "अजून जरा मोठ्याने, भाऊजी."

आणि तो पुन्हा, आणखी मोठ्याने ओरडला.